धावायचे कुठे?

(माझे मत : इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी)



पहाटे पाच वाजता आपल्या गावची पोरंपोरी सडकेने धावताना तुम्ही पाहिली असतीलच. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणाला सैन्यात जायचे असते, तर कोणाला डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रोज चालायला सांगितलेले असते. धावणे चांगले, हे सगळेच सांगतात. पण धावायचे कुठे, हे कोणीच सांगत नाही. म्हणून मी आज त्यावर लिहीत आहे.

माझी ताई बारावी पास झाली. तिला पोलीस व्हायचे आहे. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते, आणि जितका वेळ कमी तितके गुण जास्त. ताई रोज अंधारात उठून मोठ्या सडकेवर धावायची. दिवाळीनंतर एके दिवशी धानाच्या बांध्यांवर दाट धुके होते. मागून एक गाडी इतक्या जवळून गेली की ताई बाजूच्या नालीत पडली. गुडघा फुटला. गाडी थांबली पण नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आता धावाले जाचं नाही. जीव राहीन तर नोकरी!"

बाबांना राग आला नव्हता, त्यांना भीती वाटली होती, हे मला कळते. पण सडक वाईट आणि शिक्षा ताईला, हे मला पटले नाही. त्याच सडकेवर मुलं अजूनही धावतात. त्यांना कोणी "घरी बस" म्हटले नाही. माझे मत असे आहे की धावणे बंद करू नये, वाट बदलावी.

मग मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी गावाभोवतीच्या वाटा पाहून काढल्या.

पहिली वाट म्हणजे डांबरी सडक. ती सपाट आहे, चिखल नाही. पण ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकली सारख्या चालू असतात. कडेला चालायला जागा नाही. तिथे जावेच लागले तर उजव्या बाजूने जावे. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडून गेले की समोरची गाडी दिसते आणि बाजूला होता येते. ताई डावीकडून धावत होती, म्हणून तिला मागची गाडी दिसली नाही.

दुसरी वाट धुऱ्यांची. ती अरुंद आहे. दव पडले की पाय घसरतो आणि गवतात साप असतो. धुऱ्यावरून वावरात जावे, धावू नये.

तिसरी वाट पांदणीतून पेंचच्या नहराकडे जाते. ही मला सर्वांत चांगली वाटली. मुरूम आहे, झाडांची सावली आहे आणि मधे दोन ठिकाणी हलका चढ-उतार आहे. चढावर दम लागतो, पण रोज चढले की दम वाढतो. कोकणातल्या मुलांना समुद्राची ओली वाळू आहे आणि लाल मातीच्या चढ-उताराच्या वाटा आहेत. आपल्या नागपूर जिल्ह्याला समुद्र नाही, तर नहर आहे. आपण नहराकाठी धावू!

ही वाट आम्ही सायकलने मोजली. माझ्या काकांच्या सायकलच्या चाकाचा व्यास ७० सें.मी. भरला. गणिताच्या तासाला शिकलो तसे ७० ला २२/७ ने गुणले, तर परीघ २२० सें.मी. आला. म्हणजे चाकाचा एक फेरा २.२ मीटर. चाकाला लाल चिंधी बांधली आणि फेरे मोजत सायकल हातात धरून चाललो. शाळेच्या फाटकापासून नहराच्या पुलापर्यंत २५० फेरे, म्हणजे ५५० मीटर झाले. पुलापासून पुढे ३६४ फेरे मोजून एका दगडावर चुन्याची खूण केली. ते ८०० मीटर होतात. पुलापासून खुणेपर्यंत मुलींची परीक्षा, आणि खुणेपासून परत पुलापर्यंत आले की मुलांची पण परीक्षा पूर्ण!

आता अडचणी सांगते, कारण खोटे लिहू नये असे गुरुजी सांगतात. पांदणीत बाभळीचे काटे पसरले आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला सोडत नाही. काही जणांनी धुरा सरकवत सरकवत पांदण अर्धी करून टाकली आहे. घरी संडास असून काही लोक सकाळी तिथेच डबा घेऊन जातात, मग मुलींनी कसे जावे? नहराचे पाणी खोल आहे आणि काठ उतरता आहे, म्हणून लहान मुलांनी एकटे जाऊ नये आणि मोठ्यांनीही पाण्याच्या बाजूने धावू नये.

पण या अडचणी गावाच्या हातातल्या आहेत. सडकेवरचा ट्रक आपल्या हातात नाही.

कोणी म्हणेल, पोरींना धावून काय मिळते? नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायी जात, कधी धावत. त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. ही सगळी खेड्यातलीच लेकरे आहेत.

म्हणून माझी गावाला विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. पांदण मोजून मोकळी करावी आणि मुरूम टाकावा. नहराच्या पाळीवर जाण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी मागावी. सकाळी पाच ते साडेसहा तिथे कोणी डबा घेऊन जाऊ नये. आणि रोज दोन पालकांनी पाळीपाळीने पुलावर टॉर्च घेऊन बसावे. बसायचे नसेल तर चालावे, त्यांचीही साखर उतरेल!

काटे तोडायला आम्ही सातवीची मुलं-मुली एक रविवार द्यायला तयार आहोत. कुऱ्हाड मात्र मोठ्यांनी चालवावी.

माझे बाबा पालकसभेला येणार आहेत. त्यांनी हे भित्तिपत्रक वाचावे आणि पहिल्या दिवशी पुलावर स्वतः बसावे. ताईचा गुडघा बरा झाला आहे. तिचे बूट अजून दाराशीच ठेवलेले आहेत.