एक खिडकी योजना!

सकाळी डोळे उघडल्यावर तुम्ही आधी बातम्या बघता की बॉसचा मेसेज? खरं सांगा! उत्तर देताना गोंधळ होतो, कारण दोन्ही एकाच ठिकाणी येतात. वर ‘डिस्पॅच झालं का?’, खाली ‘शुभ सकाळ’वालं गुलाबाचं फूल, त्याखाली कुणीतरी फॉरवर्ड केलेली पेपरची पीडीएफ आणि त्याखाली ‘ब्रेकिंग’ म्हणून आलेला, कुठला-कधीचा पत्ता नसलेला व्हिडिओ. सरकारी ऑफिसात ज्या ‘एक खिडकी योजने’ची आपण वर्षानुवर्षं वाट बघितली, ती व्हॉट्सअ‍ॅपनं न मागता देऊन टाकली!

मास कॉमला आम्हाला ‘मास मीडिया’ हा एक पेपर होता आणि ‘बिझनेस कम्युनिकेशन’ दुसरा. दोन्ही सुटले. मग फ्रीलान्सिंग सुरू केलं, कागलला घरी बसून पुण्या-मुंबईची कामं करायला लागले आणि लक्षात आलं, दोन्ही पेपरांचा मिळून आता एकच फोन झालाय.

कागल म्हणजे कोल्हापूरहून हायवेनं वीसेक किलोमीटर. शाहू महाराज मूळचे इथल्या घाटगे घराण्यातले, हे शाळेत वाचलं असेलच. आज मात्र गावाच्या शेजारी पंचतारांकित एमआयडीसी आहे आणि गाव सोडून थोडं पुढं गेलं की लगेच कर्नाटक. इथल्या भागात फाउंड्रीवाल्यांना पूर्वी ड्रॉइंग कुरिअरनं किंवा फॅक्सनं यायचं. आता ते चहा संपायच्या आत मोबाइलवर येतं. ५० हजार रुपयांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर २०१८ पासून ई-वे बिल लागतं, तेही ऑनलाइनच. म्हणजे गाडी भरलेली असली तरी नेट नसेल तर चाक हलायचं कठीण!

आमच्या जिल्ह्याला हे वेड काही आजचं नाही, बरं का. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी कॉम्प्युटर, शेतकऱ्याला घरबसल्या माहिती, असं स्वप्न होतं. पण शेतकऱ्याला हवं होतं एवढंच, की कारखान्यावर माझा ऊस किती टन भरला आणि खत किती मिळणार. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या मंडळींनी त्यातल्या ७ गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून हीच माहिती साध्या एसएमएसवर देऊन पाहिली. आणि ते चाललं! प्रश्न एक, उत्तर एक. मध्ये गुलाबाचं फूल नाही की ब्रेकिंग न्यूज नाही.

आता त्याच फोनवर उसाचं वजनही येतं आणि जगभरची भांडणंही. आणि इथंच खरी गोची आहे.

७ जून २०२३ आठवतोय? काही जणांनी ठेवलेल्या वादग्रस्त स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अफवा पसरू नयेत म्हणून, असं अशा वेळी सांगितलं जातं. पण खिडकी एकच आहे ना! ती लावली की अफवेबरोबर ऑर्डरही बाहेर राहते, बिलही आणि चहाच्या गाडीवरचं क्यूआर कोडचं पेमेंटही. ज्यानं ते स्टेटस ठेवलं नाही, बघितलंसुद्धा नाही, त्याचाही दिवस बुडतो. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर रजा नावाची गोष्टच नसते. काम पोचलं नाही तर पैसे नाहीत, विषय संपला!

हे फक्त कोल्हापूरचं नाही. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झालं. गंमत म्हणजे माध्यम आणि धंदा एकाच तारेवर आलेत, हे सुप्रीम कोर्टानं त्याआधीच ओळखलं होतं. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला कोर्टानं सांगितलं, की इंटरनेटवरून मत मांडणं आणि इंटरनेटवरून व्यापार करणं, दोन्हींना घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. बंदी बेमुदत नको आणि तिचे आदेश जाहीर करा, हेही बजावलं.

कोर्टाचं काम कोर्टानं केलं. आपलं काय? नेट सोडून हिमालयात जा, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझंच पोट त्यावर आहे! फक्त घराला दुसरी खिडकी ठेवा. तातडीचं असेल तर सरळ फोन करा, निळ्या टिकेची वाट बघत बसू नका. रेट, तारीख, अटी मेलवर घ्या. ग्रुपमधल्या अंगठ्याला कबुली समजू नका. क्लायंटचे नंबर एका डायरीत लिहून ठेवा, हसू नका, खरंच लिहा! ऑफिसच्या ग्रुपवर राजकारण नको आणि बातमी घ्यायची तर जिथं कुणीतरी जबाबदार आहे तिथून घ्या. पेपरच्या पानावर तळाला बारीक अक्षरात संपादक, मुद्रक, प्रकाशकाचं नाव असतं. उद्या चूक निघाली तर कुणाची कॉलर धरायची, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. फॉरवर्डच्या तळाला काय असतं? ‘जास्तीत जास्त शेअर करा’!

तर मंडळी, लेख पटला तर जरूर फॉरवर्ड करा. फक्त खाली माझं नाव तेवढं राहू द्या!