लोहगडाला शेजार आहे

प्रति,
मा. अधीक्षक पुरातत्त्वविद,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, मुंबई मंडळ

महोदय,

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आमचा लोहगड आहे, याचा मावळकरांना अभिमानच वाटतो. पण त्याला खेटून उभा असलेला विसापूर त्या यादीत नाही आणि पायथ्याची लोहगडवाडी तर कुणाच्या खिजगणतीतही नाही.

खरं तर विसापूर वगळून लोहगडाची गोष्ट पुरी होत नाही. विसापूर उंचीने वरचढ. मार्च १८१८मध्ये इंग्रजांनी आधी तो घेतला आणि मग लोहगड न लढताच त्यांच्या हाती पडला. पुढे विसापूरचे दरवाजे त्यांनी सुरुंग लावून उडवले. आजही तिथे चढायला धड वाट नाही. पावसाळ्यात दगडी पायऱ्यांवरून ओढाच वाहतो. वर मात्र लांबलचक तटबंदी आहे, कातळात खोदलेली टाकी आहेत आणि चुन्याची घाणी आहे. गोल चर आणि त्यातून फिरणारं दगडी चाक पाहिलं, की हा तट कसा उभा राहिला हे शाळकरी पोरालाही कळतं.

इकडे लोहगडावर पावसाळी शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. जुलै २०२३मध्ये गडाच्या पायऱ्यांवर पर्यटक तासन्‌तास अडकून पडले होते. गर्दीच्या दिवशी एका वेळी किती जणांना वर सोडायचं, हे आता ठरवायलाच हवं. गायमुख खिंडीत दोन्ही किल्ल्यांचा मिळून एक नकाशा लावा. विसापूरची वाट सिमेंट न ओतता दुरुस्त करा.

आणि वाडीचं काय? संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कायदा हवाच, पण त्याचा काच गडाशेजारी राहणाऱ्यांनाच सोसावा लागतो. मग गडाच्या कमाईतही त्यांचा वाटा असू द्या. वाडीतल्या पोरांना शिकवून अधिकृत वाटाडे करा. पिठलं-भाकरी नि कणसं विकणाऱ्या बायकांना हुसकावण्यापेक्षा ठरावीक जागा, पाणी आणि कचरा उचलायची सोय द्या.

पुढचा आराखडा पक्का करण्याआधी लोहगडवाडीत ग्रामस्थांची बैठक घ्या. फक्त ती शनिवार-रविवारी ठेवू नका. त्या दिवशी आपली गाडी पायथ्याच्या भाजे गावापुढे सरकायची नाही.

आपला,
मावळातील एक रहिवासी