सुटीआधीची हजेरी

दिवाळीची सुटी आठ दिवसांवर आली की प्राथमिक शाळेच्या वर्गात पोरे जागेवर ठरत नाहीत. सहामाहीला हल्ली संकलित मूल्यमापन म्हणतात, पण घरोघरी ती सहामाहीच आहे. शेवटचा पेपर झाला की दप्तरातून पतंगी कागद, कात्री, खळ बाहेर येते. आकाशकंदील होतात. किल्ल्याला माती कुठली आणायची यावरून भांडणे होतात. हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात एक दिवस बसलो. तिथेही आकाशकंदील होते. पण मुलांचे बोलणे वेगळे होते. एक पोरगा शेजारच्याला विचारीत होता, "तुमची टोळी कवा निघायची?" दुसरा म्हणाला, "परवा गाडी भरायची हाय."

आमची धाकटी बहीण त्या शाळेत शिक्षिका आहे. गाव तिला बाई म्हणते, म्हणून इथे आम्हीही बाईच म्हणू. बाईंनी हजेरी घेतली. पटावर एकतीस, हजर एकतीस. आम्ही म्हणालो, "शंभर टक्के हजेरी, शाब्बास!" बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "दादा, सुटीनंतर या. निम्मा वर्ग रिकामा असतो."

वाचकहो, कारण आपल्याला ठाऊकच आहे. दसरा-दिवाळीला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. बीडकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चही झालेली असते. आई-बाप निघाले की लेकरे निघतात. परत येतात तोवर उन्हाळा लागतो आणि शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

म्हणून बाईंचे शेवटचे आठ दिवस फार घाईचे असतात. त्यांनी मुलांचे चार गट केले होते. कोणी अक्षरे ओळखतो, कोणी शब्द वाचतो, कोणी चार ओळी वाचतो, कोणी अख्खी गोष्ट. बाई म्हणाल्या, "गोष्ट वाचणाऱ्याची मला काळजी नाही. तो वाचायचे विसरत नाही. अक्षराकडून शब्दाकडे नुकते आलेले पोर पाच महिने पुस्तकावाचून राहिले, की पुन्हा पहिल्यापासून."

त्यावर त्यांनी एक साधा उपाय काढला आहे. जाणाऱ्या प्रत्येक मुलाची एक शब्दवही. शब्द मुलानेच सांगायचा, बाईंनी तो मोठ्या अक्षरात लिहायचा, मुलाने खाली गिरवायचा. मुलांनी सांगितलेले शब्द आम्ही पाहिले. कोयता, फड, मोळी, वाढे, टायर, कोपी, बैल, चूल. छापील पुस्तकातला शब्द अडतो, पण 'मोळी' वाचताना एकही पोर अडले नाही. गणितही तसेच. दहा-दहा मोळ्यांचे ढीग, त्यांची बेरीज, मग हातच्याची बेरीज. एका पोराने विचारले, "बाई, उचल फेडल्याचा हिशेब बी असाच करायचा का?" बाई म्हणाल्या, "असाच. आणि तो आपल्या वहीत लिहून ठेवायचा." आम्हाला वाटले, त्या दिवसातला सगळ्यात मोठा धडा हाच.

त्या वर्गात एक मुलगी होती. आठ वर्षांची, अंगाने बारीक. ती नुकतीच शब्दांच्या गटातून ओळींच्या गटात आली होती. मधल्या सुटीत खिचडीची ताटली हातात धरून भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचत होती. वाचता येते याचाच तिला आनंद. संध्याकाळी बाईंबरोबर आम्ही तिच्या घरी गेलो. गावात हंगामी वसतिगृह आहे. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. हिची आजीही ठेवून घ्यायला तयार होती.

आई भांडी पोत्यात भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरं. पर हिला हितं ठिवलं तर बारक्याला कोन बघंल? आमी दोघंबी पहाटंच फडात. कोपीत साप-किरडू, शेजारून टॅक्टर. दीड वर्साचं लेकरू एकलं कसं सोडू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षणाचे महत्त्व त्या माउलीला आम्ही काय सांगणार? तिला ते कळत होते. तान्ह्या भावाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी गाडी गेली. मुलगीही गेली. पण बाईंनी तिच्या दप्तरात दोन गोष्टी घातल्या होत्या, शब्दवही आणि शिक्षण हमी कार्ड. स्थलांतर करणाऱ्या मुलाला त्याच्या शाळेतून हे कार्ड मिळते. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसता येते. कारखान्याजवळच्या शाळेने आधी दाखला मागितला. बाईंनी फोनवर कायदा सांगितला, तेव्हा प्रवेश झाला. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन जमेल त्या दिवशी शाळेत जायची. मार्चअखेर परतली तेव्हा पाढे विसरली होती. पण शब्दवहीत तिच्या हाताने लिहिलेली तीन पाने नवी होती.

हे पुरेसे नाही, आम्हाला मान्य आहे. पण ती तीन पाने कोरी राहिली असती तर पोर शाळेतून कायमचे गेले असते.

विद्यार्थी दिवस ७ नोव्हेंबरला असतो. बऱ्याच वर्षी तो दिवाळीच्या सुटीत नाहीतर तिच्या आसपास येतो आणि टोळ्या तोवर निघालेल्या असतात. म्हणून बाई तो सुटीआधीच साजरा करतात. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर लागले. बाईंनी मुलांना एवढेच सांगितले, "रजिस्टरातले नाव ही मोठी गोष्ट आहे. तुमचेही नाव या रजिस्टरात आहे. कुठेही जा, ते खोडू देऊ नका."

आता आमच्या मायबहिणींना आणि बांधवांना दोन शब्द. तुम्ही ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामाला बाहेर जाणार असाल, तर सुटी लागण्याआधी शाळेत जा. हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. मूल बरोबर न्यायचेच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला, हेही नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा.

आणि जे कुठे जात नाहीत, त्यांनाही सांगणे आहे. दिवाळीनंतर तुमच्या गावाबाहेर कोप्या पडतील. तिथे सहा-सात वर्षांचे पोर दिवसभर भाऊ सांभाळत बसलेले दिसेल. त्याच्या आई-बापाला विचारा, त्याचा हात धरा आणि शाळेच्या दारापर्यंत पोचवा. कडेवरचे तान्हे चार तास आपल्या अंगणात खेळले, तर आपले काय जाते?