पाणी दुपारी तापवा

जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा 6 अंशांच्या आसपास उतरला की वर्तमानपत्रांत द्राक्षबागांची काळजी सुरू होते. त्याच पहाटे नाशिक शहरात आणखी एक गोष्ट घडते, तिची बातमी कधी होत नाही. साडेपाच ते आठ या अडीच तासांत गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत घराघरांतले गिझर सुरू होतात. साधा साठवणुकीचा गिझर 2 किलोवॉटचा असतो, झटपट पाणी देणारा 3 किलोवॉटचा. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातला एक संच 210 मेगावॉटचा आहे. म्हणजे एक लाख गिझर एकाच वेळी चालू झाले की तो अख्खा संच फक्त नाशिककरांच्या आंघोळीसाठी धडधडतो. विजेची बचत म्हटली की आपण दिव्यांबद्दल आणि एसीबद्दल बोलतो. न्हाणीघरातल्या या पांढऱ्या डब्याकडे कुणी पाहत नाही. आणि पाहिलेच तर त्याच्यावर किती तारे आहेत, एवढेच. माझे म्हणणे असे की, पाणी कशावर तापवायचे याच्या आधी ते कधी तापवायचे हे ठरवायला हवे, आणि नाशिकसारख्या गावात त्याचे उत्तर दुपार हेच आहे.

आधी हिशेब. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला जवळपास 3 युनिट उष्णता लागते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, कोणत्याही कंपनीच्या गिझरने तो बदलत नाही. चार माणसांचे घर रोज एवढे पाणी सहज वापरते. म्हणजे थंडीच्या दिवसांत महिन्याला 90 युनिट नुसत्या आंघोळीचे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचा ऊर्जा आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक आहे. दिवे, पंखे, फ्रीज, टीव्ही यांच्यावर भागणारे घर गिझरमुळे महागड्या टप्प्यात ढकलले जाते. त्यामुळे गिझरच्या प्रत्येक युनिटाचा दर बिलातला सरासरी दर नव्हे, तर सर्वांत वरचा दर धरायला हवा. पाच तारे याला उपाय नाहीत. तारे फक्त सांगतात की तापलेले पाणी टाकीत उभे असताना किती उष्णता गळते. पाणी तापवायला लागणारे 3 युनिट त्यांनी कमी होत नाहीत.

आता वेळेचा प्रश्न. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. गिझरची गर्दी बहुतांशी त्याआधीची असते, म्हणजे सौरऊर्जेचा एक किरणही विजेच्या जाळ्यात नसताना. ती वीज प्रामुख्याने कोळशाची. याउलट दुपारी राज्यातल्या सौरप्रकल्पांची वीज भरभरून येते आणि ती कुठे खपवायची हा प्रश्न पडतो. वीज नियामक आयोगाने जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांनाही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत देऊ केली, ती याचसाठी. हे आपल्याकडेच सुचले असे नाही. फ्रान्समध्ये गरम पाण्याच्या टाक्या वर्षानुवर्षे रात्रीच्या स्वस्त अणुविजेवर तापत आल्या. 2025 च्या नोव्हेंबरपासून तिथले स्वस्त तास हळूहळू दुपारकडे सरकवले जात आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात हे काम काही वर्षे आधीच सुरू झाले. दोन्हीकडे कारण एकच. वीज साठवणे महाग असते, पण गरम पाणी साठवणे स्वस्त. चांगल्या आवरणाची टाकी ही गरिबाघरची बॅटरी आहे.

इथे एखादा वाचक म्हणेल, मग काय, आजच गिझरला टायमर लावतो. थोडे थांबा. आधी टाकीचा आकार बघा. बहुतेक घरांतला गिझर 15 लिटरचा. 65 अंशांचे 15 लिटर पाणी थंडाशी मिसळले तर जेमतेम दोन बादल्या होतात, आणि चौघांच्या घरात दुसरी आंघोळ संपण्याआधीच भांडण होते. 50 लिटरची टाकी असेल तर सहा बादल्या निघतात, ते पुरे. पण दुपारी तीनला तापवलेले पाणी पहाटे सहापर्यंत उभे ठेवले तर काही उष्णता गळणारच. ही गळती अर्धा युनिट धरली, तर वरच्या दराने तिची किंमत पाच-सहा रुपये. सवलत मिळते 3 युनिटांवर, म्हणजे अडीच रुपयेसुद्धा नाहीत. साध्या गिझरला दुपारी चालवणे जाळ्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असले तरी घराच्या दृष्टीने तोट्याचे आहे. आयोगाला हा भार खरोखर दुपारी आणायचा असेल, तर 80 पैशांनी ते होणार नाही. शिवाय सवलत मिळण्यासाठी तासागणिक नोंद ठेवणारे मीटर लागते आणि त्या मीटरबद्दल लोकांच्या मनात संशय आहे. तो नुसत्या जाहिरातींनी जाणारा नाही. बिलात खरी घट दिसली तर जाईल.

हिशेब पालटतो तो हीट पंपाने. हा दिसायला एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा, आणि कामही उलट्या एसीचे. तो विजेवर तार तापवत नाही, हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. मात्र हवा जितकी थंड तितके त्याला कष्ट जास्त. नाशिकचे हवामान इथे आपल्या बाजूने उभे राहते. आपल्याकडे थंडीत पहाटे 9-10 अंश आणि दुपारी 27-28 अंश असा मोठा फरक असतो. पहाटे चालवला तर हा पंप एका युनिटाचे अडीच करील, दुपारी साडेतीन किंवा थोडे अधिक. टाकीतून रात्री अर्धा युनिट उष्णता गळाली तरी ती भरून काढायला जेमतेम युनिटाच्या सातव्या हिश्श्याएवढी वीज लागते. इथे दुपार घरालाही परवडते आणि जाळ्यालाही. किमतीची बोच मात्र खरी आहे. 200 लिटरच्या यंत्राला लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतात. एका फ्लॅटने ते घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एका जिन्यातल्या सहा-आठ घरांनी मिळून मोठे यंत्र घेतले तर गणित बसू शकते.

ज्याच्या डोक्यावर स्वतःची गच्ची आहे त्याने हीट पंपाच्या वाटेला जाऊच नये. सिडकोतली रो-हाउस, मखमलाबाद-पंचवटीतले बंगले यांच्यासाठी जुना सौरबंब आजही सर्वांत सरळ उपाय आहे. शंभर लिटरला सपाट पत्र्याचा संच असेल तर 2 चौरस मीटर जागा पुरते. त्याला वीज लागत नाही, मीटर लागत नाही, आणि पाणी आपोआप दुपारीच तापते. पण सरकारचे लक्ष त्याच्यावरून उडाले आहे. सौरबंबाचे केंद्रीय अनुदान 2014 मध्ये थांबले. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत वीज करणाऱ्या पॅनेलला 3 किलोवॉटपर्यंत 78 हजार रुपये मिळतात, पाणी तापवणाऱ्या संचाला काही नाही. परिणाम असा की लोक गच्ची पॅनेलने भरतात आणि पहाटे गिझर लावतात. नेट मीटरिंगमुळे बिल जवळपास शून्यावर येते, हे खरे. पण त्यात हिशेब जुळतो, वीज जुळत नाही. दुपारी दिलेले युनिट कुठल्या तरी कारखान्यात खपलेले असते आणि पहाटे परत मिळते ते कोळशाचे. पॅनेलला माझा विरोध नाही. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलते आणि हीट पंप त्याची तिप्पट उष्णता करतो. म्हणजे दोघे मिळून सौरबंबाच्या बरोबरीला येतात, आणि पाणी नको असेल तेव्हा ती वीज दुसऱ्या कामाला येते. पॅनेल आणि साधा गिझर ही जोडी मात्र त्याच उन्हातून सौरबंबाच्या तिसऱ्या हिश्श्याचे काम काढते.

सौरबंबाविरुद्धच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. पावसाळ्यात तो बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकचे आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, तेव्हा टाकीतली विजेची कॉइल वापरावीच लागते. पण त्या दिवसांत नळाचे पाणी जानेवारीइतके गार नसते, त्यामुळे भार कमी. दुसरी तक्रार क्षारांची. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांचे पाणी आहे तिथे फारशी अडचण येत नाही. शहराच्या कडेच्या वसाहतींत बोअरचे पाणी वापरतात, तिथे तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी चोंदतात. तिथे काचेच्या नळ्यांचा संच घ्यावा किंवा उष्णता अदलाबदलीची वेगळी सोय करावी. विकणाऱ्याने हे आपणहून सांगायला हवे, तो सहसा सांगत नाही. तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. पाऊण इंची नळात मीटरमागे पाव ते तृतीयांश लिटर पाणी उभे असते. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावर यायला 30 मीटर नळ लागला, तर गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली मोरीत जाते, तीही प्रत्येक घरात, रोज. वीज वाचवायला धरणाचे पाणी सांडणे हा काही सौदा नव्हे. नळाला आवरण आणि पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप हवा, नाहीतर उंच इमारतीत गच्चीचा नाद सोडून खाली जिन्याजवळ यंत्र बसवावे. गॅस गिझरचा पर्याय काहीजण सुचवतात. आता पाइपचा गॅसही शहरात आला आहे. पण बंद न्हाणीघरात गॅस गिझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याने माणसे गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, म्हणून तो पर्याय मी मोजतच नाही.

आंघोळच संध्याकाळी करा, असा सल्लाही ऐकू येतो. ज्या समाजात नरकचतुर्दशीला उजाडण्याआधी उटणे लावून न्हायले नाही तर आजी दिवसभर बोलते, तिथे हा सल्ला कागदावरच राहणार. आणि त्याची गरजही नाही. पाणी दुपारी तापून थांबलेले असेल तर पहाटेच्या आंघोळीला कुणाचीच हरकत नाही.

खरा अडथळा तंत्राचा नाही, मालकीचा आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारी हजारो कुटुंबे भाड्याने राहतात. गिझरचे बिल भाडेकरू भरतो आणि नवे यंत्र घ्यायचे ते घरमालकाने. मालकाला त्यातून एक रुपया सुटत नाही, म्हणून तो हजार-दोन हजारांचा झटपट गिझर लावून मोकळा होतो. फ्लॅटमध्ये गच्ची सर्वांची, म्हणजे कुणाचीच नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळेल, खालचे म्हणतात आमच्यापर्यंत गरम येणार नाही. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीने 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींना सौर पाणी किंवा सौर वीज यांपैकी एक यंत्रणा बंधनकारक केली, ती योग्यच. पण भोगवटा दाखला घेण्यापुरते चार संच गच्चीवर चढवायचे आणि पुढे ते गंजताना पाहायचे, हा अनुभव अनेक सोसायट्यांना आहे. दाखल्यानंतर तीन वर्षांनी तरी महापालिकेने गच्चीवर जाऊन नळ उघडून पाहावा, आणि पाणी गरम येत असेल तरच घरपट्टीतली सूट द्यावी. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहरात नवी हॉटेले, लॉज, भक्तनिवास उभे राहत आहेत. 2027 ची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात आहेत. सौरबंब त्या वेळी कामाचे नाहीत. या इमारतींना परवानगी देताना मध्यवर्ती हीट पंप आणि मोठी टाकी यांची अट घालायची असेल तर ती आत्ताच, भिंतीतून नळ जाण्याआधी घालावी लागेल.