गजकर्ण पुन्हा का येतं?

बालमित्रांनो, मांडीवर किंवा कमरेवर गोल, खाजरा चट्टा उठलाय? कडा लाल आणि मधली कातडी साफ? मग ते गजकर्ण, म्हणजेच नायटा असू शकतो. ही बुरशी. ओलसर, घामट अंग तिला फार आवडतं.

मलम लावलं, चार दिवसांत खाज थांबली, की आपण ट्यूब ठेवून देतो. इथंच चुकतं! खाज गेली तरी बुरशी कातडीत दबा धरून असते. म्हणून डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत मलम लावायचं.

आई-बाबांनो, आपल्या मनानं दुकानातून मलम आणू नका. त्यात स्टेरॉईड असलं तर लाली, खाज दबते आणि बुरशी मात्र पसरते. अशी बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ती उगाच नव्हे!

घरात आणखी कुणी खाजवतंय? मग सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यायचे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात कडक वाळवायचे.

आणि हो, लाजून चट्टा लपवू नका. आजच आईला दाखवा. नाहीतर धाकट्या भावंडाला तो फुकट वाटाल!