चुकलं तरी कमाई राहते : ‘ड्रॅगन क्वेस्ट’कडून शिक्षक-पालकांनी काय घ्यावं?



पालकसभेत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की पुढची वाक्यं आपल्या सगळ्यांना पाठ असतात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मूल चिडचिडं होतं. यातलं काही खोटं नाही. पण मुलाला तासन्‌तास धरून ठेवणारी ही वस्तू आतून कशी रचलेली असते, हे आपण क्वचितच बघतो. मूल ज्यात रमतं ते समजून न घेता नुसतं बंद करणं शिक्षकाला शोभत नाही, असं मला वाटतं. म्हणून आज एका जुन्या जपानी गेमबद्दल.

२७ मे १९८६ रोजी एनिक्स या कंपनीने जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा गेम बाजारात आणला. पळवलेली राजकन्या, दुष्ट ड्रॅगनराजा आणि त्याला हरवायला निघालेला एकटा वीर, अशी परीकथेतली गोष्ट. फक्त इथे वीर म्हणजे खेळणारं मूल. अशा गेमला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण पात्राची भूमिका घ्यायची, लढायांतून अनुभवाचे गुण मिळवायचे. गुण साठले की पात्राची पातळी वाढते. बोटांची चपळाई इथे लागत नाही, चिकाटी लागते. वर्गातलं मंदगतीचं मूलही शेवटपर्यंत पोचू शकतं.

वीस अक्षरांत मावलेलं जग

गेमची कल्पना आणि लेखन युजी होरी यांचं. ते ‘शोनेन जंप’ या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकात लिहीत असत. प्रोग्रॅमिंगची बाजू कोइची नाकामुरा यांनी सांभाळली. १९८२ साली एनिक्सने गेम बनवण्याची खुली स्पर्धा घेतली होती. तिच्यातून हे दोघे पुढे आले आणि नाकामुरा तेव्हा शाळेत शिकत होते! चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाले आकिरा तोरियामा यांची, तर संगीत पंचावन्न वर्षांच्या कोइची सुगियामा यांचं.

गेमच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) जागा होती फक्त ६४ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. जपानीत परक्या धाटणीची नावं कताकाना लिपीत लिहितात. प्रत्येक अक्षराचं चित्र साठवायला जागा लागणार, म्हणून होरींनी कताकानाची जेमतेम वीस अक्षरं निवडली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं तेवढ्यांतच बसवली. मराठीच्या तासाला हा खेळ करून बघा. फळ्यावर दहा अक्षरं लिहून द्या आणि तेवढ्यांतूनच पाच राक्षसांची नावं तयार करायला सांगा. ‘काय लिहू, सुचत नाही’ म्हणणारी मुलंही कशी लिहायला लागतात ते दिसेल. मोकळ्या कागदापेक्षा आखलेली चौकट मुलांना पुष्कळदा जास्त बळ देते.

पहिली खोली म्हणजे पहिला पाठ

अमेरिकेत ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे अशा प्रकारचे गेम आधीच गाजले होते, पण ते संगणकावर आणि समजायला अवघड. जपानमधल्या बहुतेक मुलांना हा प्रकार नवाच होता. होरींनी काय केलं? गेमची सुरुवात राजाच्या दालनात केली. दालनाचं दार कुलूपबंद. राजाशी बोलायचं, पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, दार उघडायचं, जिना उतरायचा. एवढं केल्याशिवाय बाहेर जाताच येत नाही. खेळायला लागणाऱ्या मूलभूत कृती मूल तिथेच, स्वतः करून शिकतं. कोणाचं भाषण नाही, सूचनांची यादी नाही.

बाहेर पडल्यावर जवळच गाव आणि पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला. म्हणजे शेवटी कुठे पोचायचं ते सुरुवातीलाच दिसतं, पण वाट लांबची आहे. आसपास दुबळे शत्रू, पूल ओलांडला की जरा बळकट. आपण पाठ टाचणात ‘सोप्याकडून कठीणाकडे’ लिहितो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणि वीर मेला तर? तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. जवळचं निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव आणि पातळी तशीच राहते. चुकीची किंमत मोजावी लागते, पण शिकलेलं कोणी काढून घेत नाही.

आता आपल्या वह्या बघू. भागाकाराच्या सहा पायऱ्यांपैकी पाच बरोबर, सहावीत हातचा चुकला, की अख्ख्या गणितावर लाल फुली आणि ‘पुन्हा सोडव’. त्या पाच पायऱ्या कुठे गेल्या? मूल मनात नोंद करतं, की मला काहीच येत नाही. चूक दाखवायलाच हवी. पण ‘इथपर्यंत बरोबर आलास, इथे घसरलास’ एवढं लिहायला किती वेळ लागतो?

गेम सगळाच असा दयाळू होता असं नाही. खेळ मध्येच थांबवला तर वीस अक्षरांचा एक सांकेतिक मंत्र लिहून ठेवावा लागे. एक अक्षर चुकलं की पुढे जाता येत नसे. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये काडतुसात बॅटरी आली आणि खेळ काडतुसातच जतन करता येऊ लागला. करणाऱ्यांनी स्वतःची पद्धत सुधारली, मुलांना दोष दिला नाही.

बुधवारची चूक

हा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला. त्या दिवशी बुधवार होता. दुकानांपुढे लांब रांगा लागल्या, पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या आणि शाळा बुडवून आलेली शेकडो मुलं पोलिसांच्या हाती लागली. काही मुलांच्या हातातून काडतुसं हिसकावून नेल्याच्याही बातम्या आल्या. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टी होती!

यानंतर जपान सरकारने कायदा केला, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. तसा कायदा झालेला नाही. कंपनीनेच धोरण बदललं. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० ला, म्हणजे रविवारी आला आणि पुढचे मुख्य भागही बहुतेक शनिवार-रविवारीच आले.

माझं म्हणणं या बुधवारपाशी येऊन थांबतं. ज्यांनी पहिल्या खोलीचा इतका बारीक विचार केला, त्यांनी कॅलेंडर बघितलं नव्हतं. वस्तू कितीही चांगली असो, ती मुलाच्या दिवसात कुठे आणि किती बसवायची हे मोठ्यांनीच ठरवावं लागतं. मुलाकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आणि सगळेच गेम चांगले नसतात. पालकहो, मुलाच्या हातातल्या गेमबद्दल तीन प्रश्न विचारा. एक, या खेळाला शेवट आहे का? ‘ड्रॅगन क्वेस्ट’ला होता, ड्रॅगनराजा हरला की गोष्ट संपते. दोन, हरल्यावर पुन्हा प्रयत्न करायला मिळतो, की पैसे मागितले जातात? तीन, एक दिवस खेळलं नाही तर काही बुडतं का? तिन्ही उत्तरं वाईट असतील तर तो गेम खुशाल बंद करा. पण बंद करण्याआधी दहा मिनिटं मुलाशेजारी बसून तो बघा, आणि ‘हे तू कसं शिकलास रे?’ असं विचारा. ते जे सांगेल ते उद्या वर्गात आपल्यालाही उपयोगी पडेल.