माथेरान, आजी आणि शांततेचं बिल

दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा विषय निघाला आणि मामाने निकाल देऊन टाकला. "आता माथेरानला जाण्यात राम नाही. ई-रिक्षा आल्या. संपलं माथेरान!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही अर्धी डोलावली आणि थांबलो. चकलीच्या डब्यासमोर वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून आज इथे लिहितोय. मामा, तू हे वाचणार हे माहीत आहे. फोन करून खुशाल ओरड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

पहिली गोष्ट म्हणजे माथेरान मला तुमच्याइतकंच आवडतं. दस्तुरीला गाडी सोडली की पुढे लाल माती, डोक्यावर झाडांचं छप्पर, आणि आपल्याच चपलांचा आवाज. ज्याचा जन्म मुंबईत गेला त्याला रस्त्याच्या मधोमध चालता यावं, मुलाचा हात निर्धास्त सोडता यावा आणि मागून कुणी हॉर्न मारू नये, ही केवढी चैन आहे! पॅनोरमा पॉइंट, शार्लट तलाव, चिक्की, माकडं... हे सगळं आहेच. पण खरी ओढ आहे ती तिथल्या वेगाची. तिथे माणूस पायाच्या चालीने जगतो.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला आणि त्याने माथेरान 'शोधलं' असं म्हणतात. (आसपासच्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलंय हे ठाऊक नव्हतं. असो.) १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली. मोटारींना मात्र गावात मज्जावच राहिला. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. मी या मोटारबंदीच्या शंभर टक्के बाजूने आहे.

पण प्रश्न असा आहे की, या शांततेचं बिल भरत कोण होतं?

१९८६-८७ची गोष्ट असेल. छोट्या गाडीची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून आम्ही नेरळहून टॅक्सीने दस्तुरीला आलो. आजीचे गुडघे दुखायचे, तेव्हा तिच्यासाठी हातरिक्षा ठरली. एक जण पुढे ओढायला, दोघे मागून ढकलायला. बाबांनी घासाघीस करून पाच रुपये कमी करून घेतले आणि त्या पाच रुपयांचा त्यांना दिवसभर आनंद होता. मी शेजारून पळत होतो, मला मजा वाटत होती. चढावर एका ठिकाणी त्यांनी चाकाला दगड लावला. मागचा एक जण खाली बसून नुसता धापा टाकत राहिला. आजी म्हणाली, "मी उतरते रे बाबांनो, थोडी चालते." पुढचा हसून म्हणाला, "बसा आजी, तुमचं वजन ते काय!"

आजी त्यानंतर माथेरानला आली नाही. आम्ही खूप आग्रह केला तेव्हा एकदाच म्हणाली, "माणसाच्या जिवावर बसून हवा खायला नको वाटतं." आम्ही ते तिच्या विक्षिप्तपणात जमा केलं.

आता सांगा, आपण ज्याला 'जुनं माथेरान' म्हणून उसासे टाकतो ते कुणाचं जुनं माथेरान? आपण वर्षातून दोन दिवस जाणार. वर कायमची वस्ती चारेक हजार माणसांची आहे. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, दप्तर घेऊन निघालेल्या पोरांना तीनशेपासष्ट दिवस तोच चढ आहे आणि पावसाळ्यात तोच चिखल. आपल्याला जे रम्य वाटतं ते त्यांना गैरसोयीचं वाटत असेल, ही शंकासुद्धा आपल्याला येत नाही!

ई-रिक्षा हव्यात म्हणून न्यायालयात भांडायला हातरिक्षावाले स्वतःच उभे राहिले, हे मामाच्या भाषणात कुठेच नव्हतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली, त्याच डिसेंबरात सात ई-रिक्षा धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं अमानवी ठरवलं, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असं सांगितलं आणि खऱ्या हातरिक्षाचालकांनाच ई-रिक्षा देण्याची योजना आखायला शासनाला बजावलं. तेव्हा "बिचाऱ्यांच्या पोटावर पाय" हा मुद्दा निदान त्यांच्या नावाने तरी काढू नका.

घोडेवाल्यांची काळजी मात्र खरी आहे. त्यांचा विरोध मी हसण्यावारी नेत नाही, त्यांच्या रोजगाराचा विचार व्हायलाच हवा. आणि "आज ई-रिक्षा, उद्या मोटारी" ही भीतीही खोटी नाही. रस्ता जरा रुंद झाला की त्यावरून काय काय शिरतं हे आपण इतर गावांत पाहिलंय. म्हणून ई-रिक्षांची संख्या मोजकीच हवी आणि पहिला हक्क रुग्ण, वृद्ध, शाळकरी मुलं यांचा हवा. त्यासाठी भांडूया की! पण ते भांडण 'पूर्वी किती छान होतं' यावर उभं राहू शकत नाही. पूर्वी एका माणसाच्या आरामासाठी तीन माणसं जुंपली जायची.

माथेरानची शांतता हवी असेल तर तिची किंमत आपल्या पायांनी द्यावी. ज्याला चालता येतं त्याने चालावं. सामानाला हमाल केला तर सांगेल ते पैसे द्यावेत, पाच रुपयांचा पराक्रम करू नये.

तर मामा, जानेवारीत जाऊया. मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला ई-रिक्षात बसव. आपण दोघं दस्तुरीहून चालू. बाजारपेठ तीनेक किलोमीटरच तर आहे. वाटेत हवं तेवढं भांड.